आवाज आत्ताचा, चित्र मागचं

डिंपलचं लग्न आबांनीच लावायचं, ही अट खुद्द डिंपलची होती. लग्न धुळ्याला, आणि आबा पहूरला खाटेवर, खुब्याचं हाड मोडून पडलेले. आता ह्याची मोट बांधायची कुणी? तर संघमित्रानं. का, तर ती कॉम्प्युटरमध्ये आहे. आमच्या घरात कुणाचा टीव्ही बिघडो नाहीतर कुणाच्या फोनमधले फोटो उडोत, सगळ्यावर एकच औषध, मित्राला, म्हणजे मला, फोन लावा. जणू मी माणूस नाही, दुरुस्तीचं दुकान आहे.

सुपडू आबा माझे आजोबा, आणि डिंपलचेही. आम्ही चुलत बहिणी. माझे वडील पहूरलाच राहिले, वना काका म्हणजे डिंपलचे वडील नोकरीपायी धुळ्याला गेले आणि तिथलेच झाले. आबा शाळेतून निवृत्त झाल्यापासून बौद्धाचार्य म्हणून लग्नं लावतात. जामनेर तालुक्यात त्यांनी किती लग्नं लावली ते त्यांनाही सांगता यायचं नाही, पण त्यांची रीत मात्र सगळ्या तालुक्याला पाठ आहे. प्रतिज्ञेचं एक वाक्य आबा म्हणतात आणि थांबतात. मग नवरदेवाच्या किंवा नवरीच्या तोंडाकडे बघत राहतात. ते वाक्य ज्याचं त्यानं स्वतःच्या तोंडानं म्हटलं आणि ते आबांनी डोळ्यांनी पाहिलं, की मगच पुढचं. नवरीऐवजी आत्या म्हणाली, मावशी म्हणाली, चालत नाही. "लाजते हो पोरगी" असं कुणी म्हटलं तर आबा म्हणतात, "लाजू द्या, मी बसलो हाय." आणि खरंच बसून राहतात. तिकडे वरण गार होतं, लोक वैतागतात, आबा ढिम्म.

म्हणून नुसत्या फोनवर भागणार नव्हतं. आबांना डिंपल दिसायला हवी होती. तिनंही मला पुन्हा पुन्हा फोन करून तेच विचारलं होतं, "ताई, आबांना मी नीट दिसेन ना? चेहरा दिसेल ना?" मी म्हटलं, "अगं बाई, तुझ्या गालावरची पावडरसुद्धा दिसेल." ती हसली नाही. मला वाटलं, लग्नाची धास्ती असेल. सगळ्यांना असते.

व्हिडिओ कॉल का नाही केला, असं मला आतापर्यंत सगळ्यांनी विचारून झालंय. केला होता की! आबांच्या घरातलं नेट म्हणजे रुसलेला जावई, कधी येईल आणि कधी उठून जाईल, नेम नाही. कॉलवर वना काकांचा चेहरा आला आणि तोंड उघडं असतानाच गोठला. आबा बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले आणि म्हणाले, "याले काय झालं?"

आता माझ्या कामाबद्दल थोडं सांगावं लागेल, त्याशिवाय पुढचा घोळ कळायचा नाही. मी जळगावात एका लहानशा कंपनीत आहे. आम्ही लाइव्ह व्हिडिओ दाखवणारा प्लेअर बनवतो. लग्नं, कुस्त्या, शाळांची स्नेहसंमेलनं, सगळं त्यावर दिसतं. हा व्हिडिओ नळाच्या पाण्यासारखा सलग येत नाही, लहान लहान तुकड्यांनी येतो. पुढचे काही तुकडे प्लेअर आधीच आणून साठवून ठेवतो. नेट चांगलं असलं की स्वच्छ तुकडे मागवतो, नेट मंदावलं की हलके, धुरकट मागवतो. तेही वेळेवर आले नाहीत आणि साठा संपला, की स्क्रीनवर तो गोल फिरायला लागतो. तो गोल माझा सात जन्मांचा वैरी. गोल फिरला की लोक नेटवाल्याला शिव्या देत नाहीत, आम्हाला देतात.

म्हणून मी महिनेच्या महिने डोकं खपवून प्लेअर असा केला, की साठा संपत आला की चित्र जरासं हळू चालायचं. इतकं जरासं, की बघणाऱ्याला कळायचं नाही. तेवढ्यात पुढचे तुकडे गोळा व्हायचे. हळू चालल्यानं जे अंतर मागं पडायचं ते नंतर पळून भरून काढायची सोयही होती, पण त्या पळापळीत पुन्हा गोल यायचा. म्हटलं, जा मसणात, आणि ती सोयच बंद करून टाकली. अडकण्यापेक्षा थोडं मागं राहिलेलं बरं. ऑफिसात चाचणी घेतली, गोल नाही. साहेबांनी कौतुक केलं. माझे पाय जमिनीवर नव्हते.

तर बेत असा ठरला. चित्र माझ्या प्लेअरवर, तो टीव्हीला जोडलेला. बोलणं साध्या फोनवर. तिकडे काकांचा फोन हॉलच्या स्पीकरला जोडायचा, म्हणजे आबांचा आवाज हॉलभर जाईल, आणि माईकवरचं आबांना ऐकू येईल. टीव्हीचा आवाज बंद ठेवायचा, नाहीतर प्रत्येक गोष्ट दोनदा ऐकून आबा भडकतील. कॅमेऱ्यावर मोईजभाई. धुळ्यात त्यांचा फोटो स्टुडिओ आहे, आमचं सॉफ्टवेअर ते पहिल्यापासून वापरतात, आणि माणूस असा की एकदा सांगितलं की झालं. मी त्यांना बजावलं, "मोईजभाई, जेवणावळ दिसली नाही तरी चालेल, पण प्रतिज्ञेच्या वेळी चेहरे सोडायचे नाहीत."

"नही छोडेंगे, मॅडम," ते म्हणाले.

रविवारी सकाळी आबांना उशांना टेकून बसवलं. पांढराशुभ्र सदरा घातला. समोर बुद्धमूर्ती, बाबासाहेबांचा फोटो, मेणबत्ती. त्याच्या बाजूला टीव्ही. शेजारचे चुडामण भाऊ आले, त्यांची सून आली, दोघांच्या हातात आपापले फोन, त्यांवर हेच लग्न लावलेलं. मी म्हटलं, टीव्ही आहे ना एवढा मोठा! तर चुडामण भाऊ म्हणाले, "असू दे, माझ्या फोनवर मला माझं माझं दिसतं."

टीव्हीवर हॉल आला. काय सुरेख आला! फुलांची कमान, खुर्च्या, स्टेजवर प्रशील. प्रशील म्हणजे नवरदेव, अमळनेरचा, तिथल्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत कामाला. सालस पोरगा. फोनवर त्याचे मामा बोलले, "आबा, बठ्ठा तयार शेतस. तुम्ही चालू करा."

आबांनी टीव्हीकडे पाहिलं. टीव्हीवर लोक खुर्च्या ओढत होते. "कुठं तयार हायेत? बसले बी नाहीत अजून."

"बसतील आबा, तुम्ही सुरू करा."

आबांनी त्रिशरण सुरू केलं. फोनमधून सगळ्या हॉलचा आवाज त्यांच्या मागून आला, खणखणीत. आणि टीव्हीवर काय? दोन बाया एका खुर्चीवरून भांडत होत्या. एकीनं पर्स ठेवली, दुसरीनं उचलून दिली. आबा म्हणत होते, पण भुवई वर चढलेली. मला कळेना, हे कुठले लोक? एकीकडे शरण जातायत आणि एकीकडे खुर्ची सोडत नाहीत?

"माझ्या इथं तर सगळे हात जोडून बसले," चुडामण भाऊ फोन दाखवत म्हणाले.

"माझ्या इथं नवरी गाडीतून उतरून राहिली," त्यांची सून म्हणाली.

माझं डोकं भंजाळलं. एका खोलीत एकच लग्न तीन ठिकाणी पोचलेलं! मी टीव्हीची वायर हलवली. कशाला हलवली ते विचारू नका, घाबरलं की माणूस वायर हलवतो. वायरीनं काही फरक पडला नाही. टीव्हीवरच्या बायांचं भांडण मिटलं, एवढंच.

पंचशील झालं. मग नवरदेवाची प्रतिज्ञा. आबांनी पहिलं वाक्य म्हटलं आणि रीतीप्रमाणे थांबले. फोनमधून प्रशीलचा आवाज आला, त्यानं वाक्य पुरं म्हटलं. आबा टीव्हीकडे बघत राहिले. प्रशील तोंड मिटून बसलेला.

"हा पोरगा बोलून नाही राहिला," आबा म्हणाले.

"बोलला की आबा. आत्ता ऐकलं ना आपण."

"आवाज ऐकला. पण तोंड मिटलेलं हाय त्याचं. दुसरं कोणी बोललं. त्याचा बाप बोलला काय?"

फोन चालूच होता. आबांचं वाक्य धुळ्याच्या हॉलमध्ये स्पीकरवर घुमलं, आणि तिकडून हशाचा जो गदारोळ उठला! प्रशीलचे वडील ओरडून म्हणत होते, "मी नाही बोललो हो, आबा!" मला वाटलं, धरणी दुभंगावी आणि मला आत घ्यावं.

आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. प्रत्येक फोनचा, टीव्हीचा आपापला साठा. नेट जितकं रडकं, तितका माझा प्लेअर हळू चालणार, तितका मागं पडणार. पळून गाठायची सोय मीच बंद केलेली. ऑफिसातल्या नेटवर हे कधी दिसलंच नाही. पहूरमध्ये गोल एकदाही फिरला नव्हता, पण चित्र मात्र सकाळपासून मागं मागं चाललं होतं. कपाळ माझं!

मी आबांना सांगितलं. त्यांना पटेना. शेवटी फोनवर म्हटलं, "काका, स्टेजवर जा आणि दोन्ही हात वर करा."

"काय?"

"करा हो!"

काका गेले. "केले," ते ओरडले. आम्ही टीव्हीकडे बघतोय. टीव्हीवर काका कुठंच नाहीत. "केले म्हणतो ना! लोक बघताहेत, मित्रे!"

"धरून ठेवा!"

"माझ्या इथं आले, आले!" चुडामण भाऊ. टीव्हीवर अजून नाहीत. काका फोनवर माझा उद्धार करून थकले, तेव्हा कुठं टीव्हीवर काका स्टेजच्या पायऱ्या चढताना दिसले, आणि पोलिसांनी पकडल्यासारखे हात वर करून उभे राहिले. खोलीत सगळे हसले. आबा हसले नाहीत.

"म्हणजे मी जे पाहून राहिलो," ते सावकाश म्हणाले, "ते होऊन गेलेलं हाय."

"हो. आवाज आत्ताचा, चित्र मागचं."

"मंग सोपं हाय. एक वाक्य म्हणीन. चित्र येऊ दे. डोळ्यांनी पाहीन. मंग दुसरं म्हणीन."

बरोबर होतं त्यांचं. आज सांगते, अगदी बरोबर होतं. पण तिकडून प्रशीलचे मामा विचारत होते, काय अडलंय. काका म्हणत होते, हॉल दुपारी दुसऱ्यांना द्यायचाय. आणि मला लाज वाटत होती. सगळ्या भाऊबंदांसमोर माझ्या कामाचं असं लंगडणं दिसायला नको होतं. मी म्हटलं, "आबा, प्रत्येक वाक्याला एवढं थांबलो तर लोक जेवून घरी जातील. आवाजावर चला ना. आवाज खरा आहे. माझा शब्द."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. "तुझा शब्द?"

"माझा शब्द."

"मंग मी डोळे मिटतो," ते म्हणाले. "उघडे ठेवले तर चुकीन मी."

आणि त्यांनी डोळे मिटले. उभ्या जन्मात ज्यांनी तोंडाकडे बघितल्याशिवाय लग्न लावलं नाही, ते आबा माझ्या शब्दावर डोळे मिटून बसले. मला त्यावेळी हायसं वाटलं, बस.

प्रशीलची प्रतिज्ञा झाली. मग डिंपलची सुरू झाली. आबा म्हणायचे, थांबायचे, फोनमधून तिचा आवाज यायचा. हळू, पण स्पष्ट. आबा मान डोलवायचे, पुढचं वाक्य. चुडामण भाऊंच्या सुनेनं डोळ्यांना पदर लावला. मी अर्धवट ऐकत होते. माझं लक्ष टीव्हीवर. सवयच ती, लग्न कुणाचंही असो, मी चित्र कुठं अडखळतंय तेच बघते. टीव्हीवर आता प्रशीलचं तोंड हलत होतं. मघाचं वाक्य, मग त्याच्या पुढचं. मोईजभाईंनी चेहरा असा धरला होता की दाद द्यावी. गोल नाही, अडखळणं नाही. मी मनातल्या मनात माझीच पाठ थोपटली.

आबा डिंपलच्या शेवटच्या वाक्यापाशी आले होते, तेव्हा टीव्हीवर कॅमेरा डिंपलकडे वळला.

पांढरी साडी, केसात मोगरा. हनुवटीखाली माईक. माईक धरलेला हात मात्र तिचा नव्हता, काकूंचा, म्हणजे तिच्या आईचा होता. काकू तिच्या खांद्याला लागून मागं बसलेल्या, अर्धा चेहरा डिंपलच्या आड. डिंपल सरळ कॅमेऱ्यात बघत होती. तोंड मिटलेलं.

मी म्हटलं, वाक्य अजून यायचं असेल.

मग काकूंचे ओठ हलले. थांबले. थोड्या वेळानं पुन्हा हलले, पुन्हा थांबले. डिंपल तशीच. तोंड मिटलेलं, आणि नजर अशी समोर लावलेली की मला टीव्हीसमोरून सरकावंसं वाटलं.

मला काही सुधरेना. म्हटलं, काकू तिला वाक्य सांगत असतील. पण मग ती म्हणत का नाही? म्हटलं, हे प्रतिज्ञेच्या आधीचं असेल, काकू आपल्या पुटपुटत असतील. पण प्रशीलची प्रतिज्ञा तर आत्ताच टीव्हीवर संपली होती. म्हटलं, माझा प्लेअरच मध्ये ओठ हलल्याचं चित्र खातोय. हो, मी माझ्याच कामावर आळ घेतला, आणि खरंच असावा असं मला मनापासून वाटत होतं. पण प्लेअर चित्र खाईल तर सगळं खाईल. एकीचे ओठ हलू देईल आणि तिला खेटून बसलेलीचे नाही, असं करायला तो काही शहाणा नाही. आणि आवाज? अहो, काकूंचा आणि डिंपलचा आवाज फोनवर मलाच ओळखू येत नाही. कितीदा मी काकूंना डिंपल समजून काकूंचीच गाऱ्हाणी सांगितली आहेत.

इकडे आबांनी साधु साधु साधु म्हटलं. तिकडून हॉलनं म्हटलं. आबांचे डोळे मिटलेलेच. "आता हार घ्या हातात," ते फोनवर म्हणाले.

धुळ्यात ह्या क्षणी काय चाललं होतं ते मला दिसत नव्हतं. मला फक्त होऊन गेलेलं दिसत होतं. समजा माझं चुकलं, तर भरल्या मांडवात मी बहिणीचं लग्न मोडणार. काकू जन्मात माझं तोंड बघायच्या नाहीत, आणि बघू नयेच. आणि चुकलं नसेल तर? तर डिंपलनं तोंड उघडलेलं नाही, आणि ज्या एका माणसाला ते दिसलं असतं, त्याचे डोळे मी मिटायला लावले होते.

"आबा, थांबवा," मी म्हटलं. "थांबवा लवकर."

त्यांनी डोळे उघडले. मी टीव्हीकडे बोट केलं. आबांनी पाहिलं. एक अख्खं वाक्य त्यांनी पाहिलं, काकूंच्या ओठांवरचं.

"हे कधीचं हाय?"

"प्रतिज्ञेचं, आबा."

"नक्की?"

"नक्की. ती बोलली नाही. काकू बोलल्या."

आबांनी फोन तोंडाशी धरला. "हार खाली ठेवा," ते म्हणाले. आवाज चढवला नाही. "लग्न लागलेलं नाही. डिंपल, बाई, माईक तू घे. तुझी आई बाजूला होऊ दे. मी तुला विचारतो. हो म्हण, नाही म्हण, पण तू म्हण."

फोनमधून मग एकदम गलका. त्यातून वना काकांचा आवाज अगदी जवळ, "आबा, काय चालवलंय हे! एवढ्या लोकांसमोर..." आणि फोन कट.

मी परत लावला. कट केला. परत लावला. बंद. आबा माझ्याकडे बघत होते. "आता काय?"

मी रिमोट घेतला आणि टीव्हीचा आवाज चालू केला. "आबा, ती जे काही बोलली असेल ते तिकडं बोलून झालंय. आपल्याकडे अजून यायचंय."

टीव्हीतून काकूंचा आवाज आला, काकूंच्याच ओठांवर नेमका बसलेला. आता शंकेला जागाच नव्हती. मग टीव्हीतून आबांचा आवाज आला, शांत, समाधानी, "आता हार घ्या हातात." आबांनी तो ऐकला आणि मान खाली घातली. मला रडू फुटलं. माझ्यामुळे म्हणाले ते.

स्टेजवर हार आणले. डिंपलच्या हातात हार कुणीतरी दिला, तिनं तो धरला, जसा कुणी दिलेला डबा धरावा तसा. तेवढ्यात चित्र धुरकटलं. चुडामण भाऊ म्हणाले, "माझा फोन अडकला." सुनेचाही अडकला. दोघांच्या स्क्रीनवर गोल फिरायला लागले. नेट उठून चाललं होतं, नेमकं आत्ता. मी टीव्हीसमोर जमिनीवर बसले. चाल बाबा, म्हटलं. हळू चाल, मागं पड, कितीही मागं पड, पण थांबू नकोस. आयुष्यात मी कुणापुढं इतकी गयावया केली नसेल.

चित्र मऊ झालं, चेहऱ्यांच्या कडा गेल्या. आवाज जरा ताणल्यासारखा झाला. पण चाललं.

"हार खाली ठेवा," टीव्हीतले आबा म्हणाले. प्रशीलनं हार लगेच खाली ठेवला. आबांचं पुढचं बोलणं स्पीकरवर घुमलं, आणि काका धावत फोनकडे जाताना दिसले, त्यांनी वायर ओढली. डिंपलनं माईकला हात घातला. काकू सोडेनात. दोघी माय-लेकी एक माईक धरून उभ्या, आणि कुणालाच काय करावं कळेना. मग प्रशील पुढं झाला. त्यानं काकूंच्या हाताला हात लावला आणि म्हणाला, "काकू, बोलू द्या तिला." काकूंचा हात सुटला.

डिंपल कॅमेऱ्याकडे वळली. चित्र इतकं धुरकट, की डोळे कुठं आहेत ते नीट दिसत नव्हतं. पण तोंड हललं. ते दिसलं.

"आबा, मी नाही म्हणते," ती म्हणाली. "घरात सांगून पाहिलं. होईल सवय, म्हणाले. प्रशीलची काही चूक नाही. पण माझं हो नाही, आबा."

हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. डिंपल थांबली, वाट बघत. "आबा? ऐकलं का तुम्ही?"

"ऐकलं बाई!" आबा खाटेवरून टीव्हीला ओरडले. "ऐकलं, ऐकलं!"

"आबा?" ती टीव्हीतून म्हणाली. ती वायर ओढलेल्या फोनकडे बघत होती, मग स्पीकरकडे, मग पुन्हा कॅमेऱ्याकडे. "आबा, बोला ना. ऐकू आलं का?"

आबा उठायला गेले. त्या मोडक्या खुब्यानं उठायला गेले. चुडामण भाऊंनी त्यांना खांद्याला धरून दाबून बसवलं. मी मोईजभाईंचा नंबर लावायला घेतला, तर तो दोनदा चुकला. लागला एकदाचा.

"मॅडम, यहाँ तो..." ते सुरू झाले.

"मोईजभाई, कॅमेरा सोडा. डिंपलला फोन द्या. आधी द्या, मग बोला."

पलीकडे पावलं वाजली, खुर्ची सरकली, कुणीतरी मोईजभाईंना अडवलं, ते काहीतरी बोलले. टीव्हीवर डिंपल अजून तशीच माईक धरून उभी होती आणि कुणीही तिच्याजवळ जात नव्हतं. मग फोनमध्ये श्वास ऐकू आला. मी फोन आबांच्या कानाला लावला.

"ऐकलं मी, बाई," आबा म्हणाले. "उशिरा पोचलं, पण सगळं ऐकलं आणि पाहिलं बी. हे लग्न लागलेलं नाही. आता रडू नको, आणि तुझ्या बापाला फोन दे."